ऋचाताईचा सत्कार आणि ईसीजीची रांग

आईने फक्त एक शब्द बदलला होता. (त्याचे एवढे होईल, हे तिलाही ठाऊक नव्हते.)

झाले असे, की माझ्या मोठ्या बहिणीला, ऋचाताईला, मानसिक आजारांवरच्या संशोधनासाठी तरुण शास्त्रज्ञांचा पुरस्कार मिळाला. शेजारच्या किशोरीकाकूंनी विचारले, "कशावर गं संशोधन?" ताईसाठी स्थळे बघणे चालू होते. आई पटकन म्हणाली, "हृदयविकारावर!"

बघता बघता पनवेलमधली आमची अख्खी सोसायटी हृदयरोगी झाली. सत्कार ठरला, खाली मंडप उभा राहिला. ताईची ओळख करून देणारे भाषण माझ्याकडे आले, कारण मराठीत मला चांगले मार्क पडतात. (लिहिण्याचे. बोलण्याचे मार्क अजून कोणी दिलेले नाहीत.)

मंडपात पाहते तर प्रत्येकाच्या मांडीवर ईसीजीची फाईल. आई माझ्या कानाशी लागली.

"मानसिक आलं की हृदय म्हण."

"आई, माझं पाठ झालंय..."

"एकच शब्द तर आहे!"

ताईने ते ऐकले. पुरस्काराचा फोन आला तेव्हा ती सोफ्यावर चढून नाचली होती. आता ओढणीचे टोक पिळत बसली.

मी माईकसमोर उभी राहिले. पाठ केलेल्यात मला काही बदलता येत नाही; मध्येच थांबले, की पुढचे सगळे जाते. म्हणून डोळे मिटून सुटले. "मानसिक आजार म्हणजे वेड नव्हे, आणि त्यात लाज तर मुळीच नाही. माझी ताई त्यावरच संशोधन करते..." थेट धन्यवादापर्यंत.

डोळे उघडले. आईने कपाळाला हात लावलेला.

मागून काशिरामकाका उठले. त्यांची शेती विमानतळात गेली. तेव्हापासून त्यांना हसताना कोणी पाहिलेले नाही.

"पोरी, शेत गेल्यापासून मला झोप नाय लागत गो. उपाय हाय का?"

"काका, मी डॉक्टर नाही," ताई म्हणाली. "मी उंदरांच्या मेंदूवर काम करते."

"उंदरांना झोप लागते ना? मग झालं तर!"

ताई खो खो हसली. काकाही हसले. मग ताईने त्यांना शेजारी बसवून सगळे ऐकून घेतले आणि एका चांगल्या डॉक्टरांचे नाव दिले.

झाले! फायली खुर्च्यांखाली गेल्या आणि रांग लागली. किशोरीकाकूंना लिफ्टमध्ये धडधडायचे. रांग मोडून सगळ्यांत पुढे घुसली ती आई. "मी आई आहे तिची, मला कसली रांग? ऋचा, मला गं सारखी काळजी वाटते. याला काही असतं का?"

मीही शेवटी जाऊन उभी राहिले. चारचौघांत बोलायची भीती वाटते, एवढेच सांगायचे होते. माझा नंबर आला.

"बोल गं," ताई म्हणाली.

मी तोंड उघडले. आवाजच फुटेना.

"हिला काय धाड भरलीय? आत्ता तर माईकवर घडाघडा बोलली!" मागून किशोरीकाकू म्हणाल्या. (त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या.) "चल, सरक."

मी निमूटपणे सरकले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.