पाळण्याचं टेस्टिंग

"खिळा म्हणून एक नाही यात," ज्ञानदेव पाळण्याकडे बघत म्हणाले.

"मग ठोका की एखादा," गिरजाबाई बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे निवडता निवडता म्हणाल्या. "खिळ्यानं कुणाचं वाईट झालंय?"

खिळ्यानं कुणाचं वाईट झालं होतं ते काळेवाडीच्या त्या चाळीत सगळ्यांना पाठ होतं. लेकीच्या, इंद्रायणीच्या साखरपुड्याला त्यांनी हौसेनं स्वतः खिळे ठोकून चौरंग केला होता. नवरामुलगा त्यावर टेकला मात्र, आणि पाय चारी दिशांना गेले. चौरंगाचे. जावयाला काही लागलं नाही. लागलं ते जावयाच्या आईला, आणि ते अजून बरं झालं नव्हतं.

आता इंद्रायणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. बाळंतीण अंगानं पार उतरली होती, तिला सव्वा महिना तरी आईच्या हातचं खाऊन पडून राहायला हवं होतं. आणि चाकणहून विहीणबाईंचा, कस्तुराबाईंचा, निरोप आला होता, "पाळणा इकत आणा. इवायाच्या हातच्या पाळण्यात नात ठेवायची न्हाई. ठेवली आन् काय कुरकुरलं, तर त्याच दिशी मायलेकींना घेऊन येते."

शहाणा माणूस अशा निरोपानंतर बाजारात गेला असता. ज्ञानदेव सागवान आणायला गेले.

बावीस वर्षं कंपनीत फिटर असलेल्या माणसाला लाकडाचा सांधा म्हणजे काय, असं त्यांना वाटलं होतं. पण सांध्यानं झोप उडवली. खिळा नको, पाळणा हलणार, तसा खिळा भोक मोठं करत जाणार. स्क्रू नको, लाकडाच्या टोकाला उभ्या रेषांत तो धरत नाही. नुसता सरस नको. पावसाळ्यात सोडून देईल. शेवटी त्यांनी कुसू आणि खाच धरली. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला तिच्या मापाचं भोक. तेवढ्यानंही समाधान होईना, म्हणून जिभेच्या टोकाला चीर पाडून तीत लहानशी पाचर अर्धी खोचली, वर सरस, आणि ठोकून आत. पाचर तळाला टेकली की कुसू आतल्या आत फाकतं. मग ते कुणाच्या बापाला बाहेर येत नाही.

"आणि चुकून काढायचं झालं तर?" गिरजाबाईंनी विचारलं होतं.

"काढायचं कशाला?" ज्ञानदेव म्हणाले होते.

बारशाच्या दिवशी दुपारी पाळणा पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला साखळ्यांनी टांगला गेला. तेवढ्यात त्यांच्याच कंपनीत क्रेन चालवणारा हिंदुराव डबल शिफ्ट करून कंपनीतून थेट आला. डोळे लाल, पण उत्साह दांडगा.

"टेस्टिंग केलंत का, ज्ञानदेवभाऊ?"

"तांदळाचं पोतं ठेवलं होतं रात्रभर."

"पोत्याचं काय सांगता राव! पोतं गप पडून राहतं. पोर लाथा मारतं. आपल्या वर्कशॉपमध्ये नवी साखळी आली तर जादा वजन टांगल्याशिवाय कधी वापरतो का आपण?"

नाही वापरत. ज्ञानदेवांना पटलं. गिरजाबाईंना पटलं नाही, पण त्या "अहो, बाळाचा पाळणा तो..." म्हणेपर्यंत हिंदुराव चपला काढून पाळण्यात बसलाही होता.

पाळणा हूं की चूं करेना. हिंदुरावानं लाथा मारल्या, अंग घुसळलं, बाळासारखं रडूनही दाखवलं. सांधे ढिम्म. ज्ञानदेवांच्या चेहऱ्यावर साखरपुड्यानंतर पहिल्यांदा तेज आलं.

"पास!" हिंदुराव म्हणाला आणि उठायला गेला. उठला नाही.

कंबर दोन्ही बाजूंच्या गजांमध्ये रुतली होती, गुडघे हनुवटीला. जोर लावायला पायाखाली जमीन नव्हती. जोर लावला की पाळणाच पुढे जायचा. ज्ञानदेवांनी पाळणा धरला, तर हिंदुराव हलेना. साखळी अँगलवरून काढावी, तर त्याच्या वजनानं कडी ताठ झालेली.

शेजारच्या खैरुन्निसाभाभी खोबरेल तेलाची बाटली घेऊन धावत आल्या. "सांस सोडा भाईसाब, पूरी सांस!" हिंदुरावानं श्वास सोडला, भाभींनी तेल सोडलं, आणि तो चार बोटं आणखी खाली घसरला.

"भाभी, वर यायचंय मला!"

"अल्ला! तेलाला काय कळतंय वर का खाली?"

"अहो, तो बाजूचा दांडा काढा ना," गिरजाबाई कुजबुजल्या. "बायका यायची वेळ झाली."

ज्ञानदेवांनी हातोडी घेतली. दांड्याला आतून ठोकलं, बाहेरून ठोकलं. हिंदुराव दर ठोक्याला "आई गं" म्हणाला. दांडा काही म्हणाला नाही. आत फाकलेली पाचर आपलं काम चोख करत होती. आयुष्यात पहिल्यांदा ज्ञानदेवांना आपल्या हाताचा राग आला.

"करवत," ते म्हणाले.

आतल्या खोलीतून इंद्रायणी दाराशी आली, बाळाला छातीशी धरून. "बाबा, कापू नका. पाळणा नसला तर त्या आजच नेतील आम्हाला."

"आणि हा असा दिसला तर?"

ज्ञानदेवांनी करवतीचे दात दांड्यावर टेकवले. आठवडाभर घासून गुळगुळीत केलेला दांडा. हात पुढे जाईना.

"कापा भाऊ," हिंदुराव कळवळून म्हणाला, "पण लाकूडच कापा."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली, आणि "घरात हायेत का सगळी?" असा खणखणीत आवाज आला.

कस्तुराबाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी पाळणा पाहिला. पाळण्यातला मिशीवाला, तेलानं निथळणारा माणूस पाहिला. करवत पाहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी गिरजाबाई हलल्या नाहीत.

"ह्यो कोण?"

"टेस्टिंग," ज्ञानदेव कसेबसे म्हणाले.

कस्तुराबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि सरळ पाळण्याशी गेल्या. त्यांनी पहिला सांधा बोटानं दाबला. दुसरा दाबला. मग दोन्ही हातांनी साखळी धरून असा झोका दिला की पत्रा थरथरला. हिंदुरावानं डोळे मिटले. बाईंनी कान सांध्याला लावला आणि पुन्हा झोका दिला, पुन्हा दिला. इंद्रायणी दाराची चौकट घट्ट धरून उभी होती.

"कुरकुरत न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. जरा नाराजीनंच.

"मग... हा दांडा कापून याला..." ज्ञानदेवांनी करवत पुढे केली.

"खबरदार!" त्या गरजल्या. "येवढं चांगलं काम कापताय व्हय? कापायचंच असंल तर मानूस कापा!"

हिंदुराव या बोलण्यावर काहीतरी म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. तो काहीच म्हणाला नाही. डबल शिफ्टचा शिणलेला जीव, त्यात तो लांब लांब झोका. हिंदुराव गाढ झोपला होता. आणि इतका वेळ भीतीनं लाकडासारखं ताठ धरलेलं त्याचं अंग कणकेसारखं सैल पडलं होतं.

"उचला!" गिरजाबाईंना पहिल्यांदा उमगलं. ज्ञानदेवांनी एका काखेत हात घातला, कस्तुराबाईंनी दुसऱ्या, भाभींनी पाय धरले. तेलही आता शहाण्यासारखं वागलं. हिंदुराव सळकन बाहेर आला, सतरंजीवर पडला आणि कुशीवर वळून घोरू लागला.

पाळणा धुतला, पुसला, फुलं बांधली. बायका जमल्या. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवायची रीत, गिरजाबाई तो आणायला निघाल्या तशा कस्तुराबाई म्हणाल्या, "कशाला? मघाशी येवढा ठेवला व्हता की." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं नातीला पाळण्यात ठेवलं. इंद्रायणीला म्हणाल्या, "तू सव्वा महिना हितंच ऱ्हा. पार वाळलीस."

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. बायका पांगल्यावर कस्तुराबाई ज्ञानदेवांजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "इवाई, आनखी एक पाळणा बनवून द्याल का?"

इंद्रायणी लाजली. "आई, इतक्यात कसला दुसरा..."

"तुझ्यासाठी न्हाई गं." बाईंची नजर सतरंजीवर घोरणाऱ्या हिंदुरावाकडे होती. आवाज एकदम मऊ झाला होता. "आमच्या ह्यांच्यासाठी. वरीस झालं बघा, रातच्याला डोळ्याला डोळा लागत न्हाई त्यांचा. वैद झाले, डाक्टर झाले."

ज्ञानदेवांनी विहीणबाईंकडे बघितलं, मग वरच्या अँगलकडे बघितलं.

"व्याह्यांची उंची सांगून ठेवा," ते म्हणाले.