मास्तरांचा घास

"पचन तोंडात सुरू होतं," हे मास्तर वर्गात घसा फोडून सांगत आणि घरी कटाक्षाने पाळत. घास तोंडात घोळवायचा, लाळेने त्यातल्या पिठाची साखर होऊन तो गोड लागला की मगच गिळायचा. तोवर जग बुडालं तरी बोलायचं नाही. पुढे जठर आहे, आतडी आहेत, पण त्या बिचाऱ्यांना दात कुठे आहेत, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे दातांच्या डॉक्टरांच्या मुलीला मागणी घालायला ते त्यांच्याकडे दुपारी जेवायला निघाले, तेव्हा तिला छाती फुगवून म्हणाले, "तुझे बाबा माझं चावणं बघूनच हो म्हणतील."

आता डॉक्टरांचीही एक खोड होती. जन्म गेला लोकांच्या जबड्यात हात घालण्यात, त्यामुळे समोरच्याचं तोंड भरल्याशिवाय त्यांना प्रश्नच सुचत नसे. उत्तर ते हुंकारावरून ओळखत.

मास्तरांनी पावाचा घास घेतला आणि डॉक्टर सरसावले.

"आमच्या मुलीशी लग्न करायचंय?"

"म्हं," मास्तर म्हणाले.

"मग शाळा सोडून माझा दवाखाना सांभाळाल?"

मास्तरांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"घाबरू नका, दुखणार नाही," म्हणत डॉक्टर बायकोकडे वळले. "अगं, तयार आहेत."

मास्तरांनी हात वर केला.

"राहायलाही इथेच येतायत. वरच्या खोलीत."

काकू लगेच गादी उन्हात टाकायला उठल्या. मास्तरांना दरदरून घाम फुटला. घाबरलं की तोंडाला कोरड पडते, हे त्यांनीच शिकवलेलं. लाळेने ऐन वेळी दगा दिला आणि घास जागचा हलेना. तत्त्व सांभाळावं तर शाळा जाते. मुलगी तर हसून हसून टेबलाखाली जायची बाकी होती.

शेवटी मास्तरांनी डोळे मिटले आणि घास अख्खा गिळला. तो अन्ननलिकेतून धक्के खात जठरात पोचला आणि मास्तर बोलले.

"काका, मी शाळा सोडणार नाही, इथे राहणार नाही. पण लग्न करीन तर हिच्याशीच."

डॉक्टर थक्क झाले. त्यांच्याशी इतकं स्पष्ट कधी कुणी बोललंच नव्हतं. काहीतरी सुनावायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलीने त्यात पावाचा मोठा तुकडा सारला.

"बाबा, जावई पसंत आहे ना?"

डॉक्टरांनी डोळे वटारले. "म्हं! म्हं!"

"आई, पसंत आहे म्हणतात."

डॉक्टरांचा घास गिळून होईपर्यंत काकूंनी ही बातमी शेजारी पोचवलीसुद्धा होती.