बाईंचा अडकित्ता

"खरा फोटो माझ्याकडे आहे, आणि तो परवा कार्यक्रमाला लागेल," असे यज्ञेश्वर गर्गे यांनी फोनवर इतक्या शांतपणे सांगितले, की पलीकडे विभागप्रमुख मयुरेश खुर्चीतून उठून उभाच राहिला असावा. सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला असला, तरी गर्गे सरांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता.

निमित्त होते एका बॅनरचे. विभागाच्या नव्या प्रयोगशाळेला कै. कमळाबाईंचे नाव देण्याचे ठरले होते. कमळाबाई म्हणजे गर्ग्यांच्या गुरू. त्यांना कॅमेऱ्याचे वावडे असल्याने त्यांचा फोटो विभागात कोठेच सापडेना. तेव्हा मयुरेशने अभिजात संशोधकवृत्तीने संगणकालाच एक बाई काढून देण्यास सांगितले. संगणक उदार निघाला. त्याने रेशमी साडी दिली, टपोऱ्या मोत्यांच्या कुड्या दिल्या, चेहऱ्यावर वात्सल्य दिले आणि हातात उलटा धरलेला सूक्ष्मदर्शक दिला.

"ही बाई कोण?" गर्ग्यांनी विचारले होते.

"सर, प्रतीकात्मक आहे."

"कमळाबाई प्रतीकात्मक नव्हत्या. त्या सायकलवरून यायच्या आणि उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करायच्या."

"सर, तुमच्याकडे फोटो असेल तर मोबाईलवर पाठवता का?"

"फोटोचा मोबाईलवर फोटो काढणं म्हणजे पंगतीचा वास पोस्टाने पाठवणं," असे म्हणून गर्ग्यांनी फोन ठेवला.

बाईंचा जगातला एकुलता एक फोटो खरोखरच त्यांच्या कपाटात होता. प्रयोगशाळेचे टेबल, मागे काचेच्या बरण्या, आणि हातात अडकित्ता धरलेल्या बाई. कोणी बेसावध क्षणी तो टिपला होता. त्या एका अडकित्त्याने बाईंनी पिढ्या शिकवल्या. बाईंच्या अभ्यासातला जिवाणू प्रथिने कापणारे एन्झाइम बनवतो; पण ते पोटातच चालू लागले तर पहिल्यांदा जिवाणूलाच कापून काढील. म्हणून तो त्याला एक शेपूट लावून बनवतो. ते शेपूट एन्झाइमला घडी घालून आकार देते आणि मग त्याच्याच जबड्यात जाऊन बसते. बाई शेपटाच्या जागी अडकित्त्यात सुपारी अडकवून तो वर्गासमोर धरीत. "मिटतोय? नाही मिटत. आता ही सुपारी सुटली की काय होईल?" मग त्याच सांगत, "सुटलेला एक अडकित्ता दुसऱ्याची सुपारी कापतो. मग ते दोघे आणखी दोघांची. ज्या शेपटाने घडवलं, त्याचाच पहिला घास. लक्षात ठेवा, गर्गे."

गर्ग्यांनी लक्षात ठेवले होते. त्यांच्या आजोबांना रामकुंडावर यजमानांच्या सात पिढ्या मुखोद्गत असत. नातवाने तीच स्मरणशक्ती जिवाणूंच्या चरणी वाहिली होती. फरक इतकाच, की यजमान दक्षिणा देत.

तर फोटो होता, पण जाड पुठ्ठ्यावर सरसाने चिकटवलेला, आणि नाशिकच्या दमट पावसाळ्यांनी त्या पुठ्ठ्यावर बुरशीची शेती केली होती. ती फोटोवर चढण्याआधी पुठ्ठा सोडवणे भाग होते. दुसरा एखादा माणूस फोटोवाल्याकडे गेला असता. गर्ग्यांनी विभागातून बाईंच्याच जिवाणूच्या एन्झाइमची बाटली मागवली.

"सरस म्हणजे प्रथिन," ते पत्नीला, अनसूयाबाईंना म्हणाले. "हे एन्झाइम मागच्या बाजूने लावायचं. फ्रीजच्या थंडीत सुपारी घट्ट राहते. अगदी थोडे अडकित्ते सुटतील, सरस खातील आणि पुठ्ठा अलगद निघेल."

"आणि फोटोवरचा तो चकचकीत थर कशाचा असतो?"

"जिलेटिनचा. तेही प्रथिनच. म्हणून तर थंडीत ठेवायचं. बाईंच्या एन्झाइमवर बाईंच्या विद्यार्थ्याचा ताबा आहे."

"मला आपलं फोटोवाल्याकडे द्यावं असं वाटतं."

"तू इतिहास शिकवलास, अनसूया," गर्गे सौम्यपणे म्हणाले. एन्झाइम लावलेल्या फोटोचे ताट फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवून ते मेन रोडला फ्रेम आणायला निघाले. जाताना त्यांनी इतकेच बजावले, की त्या ताटाकडे ते स्वतः बघतील.

दिवस गुरुपौर्णिमेचा होता.

दुपारी कोथिंबीर काढायला अनसूयाबाईंनी फ्रीज उघडला. दह्याचे पातेले आणि कालची भेंडी यांच्यामध्ये, ओलेत्या, कमळाबाई पहुडलेल्या. एकेकाळी दर शनिवारी याच घरात पिठलं-भाकरी खाऊन "मीठ कमी पडलंय हो" असे स्पष्ट सांगणाऱ्या बाई. गुरुपौर्णिमेला त्यांनी भेंडीशेजारी पडावे हे अनसूयाबाईंना बघवेना. आणि पुठ्ठा तर केव्हाच सुटा झाला होता. नवरा बघायला विसरला, यात नवे काय? त्यांनी पुठ्ठा टाकून दिला, फोटो देवघराशी तिरका उभा केला, पुढे चाफ्याचे फूल ठेवले आणि लवकर वाळावा म्हणून समई त्याच्या वरच्या कडेजवळ सरकवली.

समईच्या उबेत पहिली सुपारी सुटली.

फ्रेम घेऊन गर्गे परतले तेव्हा देवघरासमोर एक कागद होता. खालच्या अर्ध्या भागात टेबल, दोन हात आणि अडकित्ता. वर स्वच्छ, निष्कलंक पांढरे. बाईंचा चेहरा एका करड्या ओघळाच्या रूपाने चाफ्यापाशी येऊन थांबला होता.

गर्ग्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली.

"मी दिवा लावला," अनसूयाबाई म्हणाल्या.

"दिवा बरोबरच होता," गर्गे म्हणाले. "ते ताट काय आहे, हे मी सांगायला हवं होतं."

"ते तुम्ही नेहमी म्हणायचात ना... घडवतं त्याचाच पहिला घास?"

"हो."

"म्हणजे पाठ चुकलेला नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी गर्ग्यांनी ते दोन हात फ्रेम करून नेले. मयुरेशने पाहिले, काहीही विचारले नाही (तेवढी अक्कल विभागात शिल्लक होती), आणि बॅनरवरचा उलटा सूक्ष्मदर्शक बरोबर झाकला जाईल अशा बेताने ती फ्रेम टांगली. वर संगणकाचा चेहरा, खाली बाईंचे हात.

जुने विद्यार्थी जमले. धनराज, जो आता विंचूरच्या एका वाइनरीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि ज्याचे जर्नल बाईंनी एकदा खिडकीतून खाली भिरकावले होते, पुढे आला. त्याने चष्मा काढून पुसला.

"काय सांगू सर. अगदी हुबेहूब. तीच माया डोळ्यांत. कुड्याही त्याच."

गर्ग्यांनी खालच्या फ्रेमकडे बोट दाखवले.

"फक्त," धनराज फ्रेमजवळ वाकत म्हणाला, "हे हात काही बाईंचे वाटत नाहीत. दुसऱ्याच कुणाचे तरी चिकटवलेत, सर."

उत्तर देण्यासाठी गर्गे सरांनी तोंड उघडले. आणि ते, सुपारी अडकलेल्या अडकित्त्यासारखे, तसेच उघडे राहिले.