डोमाजी गुरुजींची चिठ्ठी

तांदळात सोंडा, तो सोंडेचा बारका किडा, निघाला की गिऱ्हाईक भांडतं. डोमाजी गुरुजी खूश व्हायचे. लाखनीतल्या माझ्या किराणा दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, तो सोंडा चिमटीत धरून मोठ्यांदा विचारायचे, "भाऊ, हा कोन्या गावच्या पोत्यातला होय? पोतं कवा आलं?"

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. आमचे हे शेजारी किडे जमवून दिल्लीला पाठवायचे. तिथे तेव्हा निसर्गाचं राष्ट्रीय संग्रहालय नवंच उघडलं होतं. प्रत्येक किड्यासोबत बारीक अक्षरातली चिठ्ठी: गाव, तारीख, कुठे सापडला, कोणाला सापडला. "चिठ्ठी नाही, तं तो किडा नोहोय, कचरा होय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा ते दिल्लीचं आभारपत्र दाखवायला आले, तेव्हा कळलं की सोंड्याच्या चिठ्ठीवर माझ्या दुकानाचं नाव गेलंय. सायकलवर मीठ विकत फिरून मी हे दुकान उभं केलं, आणि देशाच्या राजधानीत त्याची ओळख काय, तर सोंडे. माझं डोकं फिरलं. तसाच त्यांच्या घरी गेलो आणि सौदा मांडला.

"दिल्लीले लिहा, नाव खोडा. वर्षभर किडे ठेवायच्या बरण्या फुकट देतो."

"नाही जमत."

"दोन वर्षं."

"भाऊ, शंभर वर्षांनी कोनी पाहीन, लाखनीत कोनता किडा कुठं होता. त्याले मी खोटं सांगू काय?"

मी आवाज चढवणार, तेवढ्यात देवाजवळची बरणी दिसली. आत हिरवा, चकाकता भुंगा. चिठ्ठी नव्हती.

"मंग हा कचरा कायले ठेवला, गुरुजी?"

त्यांनी बरणी उचलून जवळ घेतली. मग म्हणाले, "दिल्लीनं मांगतला होता. असा त्यायच्यापाशी नाही म्हने. मी लिहलं, चिठ्ठी हरवली."

चष्म्याच्या डबीतून त्यांनी एक घडी काढून माझ्या हातात दिली. 'सानगडी. भाताची रोवणी चालू होती. सापडला: अनुसयेला. पदराच्या टोकाला बांधून आणला.'

अनुसयाबाईंना, त्यांच्या बायकोला, जाऊन तीन वर्षं झाली होती.

एवढ्या चिठ्ठीवर, गुरुजींचं खोटं पकडून, मी माझं नाव खोडून घेऊ शकलो असतो. ते तसंच राहिलं, आणि माझा रागही.

"घडी जपून घाला, गुरुजी," मी म्हणालो, "अक्षर पुसून राहिलं."