डोमाजीकाकांचा आवाज

कोणावर लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं मराठीही मध्य प्रदेशातल्या कटंगीचं, निम्मं हिंदीत भिजलेलं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण डोमाजीकाकांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. नावं मात्र बदलली आहेत.

काका आमचे शेजारी. जे करायचं ते मोठ्यानं जाहीर करून करायचे. "मी पानी पेऊन राह्यलो." "आता खाटेवर बसलो." त्यांच्या हाकांवरून वेळ धरून माझी आई भात चढवायची. नव्या पटवाऱ्यानं एकदा विचारलं, हे सगळं कोणाला सांगता? "ज्याले आयकू येते त्याले," काका म्हणाले.

मग तो आवाज बसला. नागपूरच्या डॉक्टरांनी घशाचा कॅन्सर सांगितला, स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. काका तिथून उठून सरळ घरी आले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट; मी तेव्हा बालाघाटला शिकत होतो. वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं की अमेरिकेत लेसर नावाच्या प्रकाशकिरणानं घशातली गाठ जाळतात आणि आवाज वाचू शकतो. गावी जाऊन मी ते घाईघाईनं काकांना सांगितलं.

"उजेडानं?" काकांनी विचारलं. "तिकडं जायाले तुमसरले गाडी बदलावं लागते काय?"

अमेरिका किती दूर ते मी समजावलं. पण त्यांच्या मनात उजेड तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओट्यावर सूर्याकडे तोंड करून, आ वासून बसलेले. मधेच तोंड मिटून फाटक्या आवाजात सांगायचे, "ऊन घेऊन राह्यलो." आळी हसली. मलाही हसू आलं. जवळ जाऊन मी म्हटलं, काका, तो उजेड वेगळा, आपल्याकडे अजून आलेला नाही.

त्यांनी तोंड मिटलं. आत भागरथाकाकू भिंतीला हात लावत चुलीकडे जात होत्या. काका पहिल्यांदाच हळू बोलले.

"तुह्या काकूले दिसत नाही, बापू. लोकायनं आंधळी म्हटलेलं तिले खपत नाही, म्हणून सांगत नाही कोणाले. माह्या आवाजावर फिरते ते घरात. मी मुका झालो तं तिनं कसं करावं?"

मी बालाघाटला परतलो.

परीक्षेच्या सुमारास कटंगीच्या बसचा कंडक्टर भेटला. त्याच्याकडून कळलं, नागपूरला काकांचं स्वरयंत्र काढलं होतं. जिवाचा धोका टळला, घरी आलेत, बोलणं मात्र गेलं.

"पन डोकं फिरलं म्हाताऱ्याचं," तो हसत म्हणाला. "पायात बैलाचे घुंगरू बांधून फिरते, घरातल्या घरातबी."

मी नुसतं हौ म्हटलं.