मोहाच्या झाडावर ठरलेली सोयरीक

मुलीच्या बापाला फाट्यावरून घेऊन शंकरसिंग तांड्याकडे निघाला आणि वाटेतच मोटारसायकलचं मागचं चाक फुटलं. मे महिन्याची दुपार. मुकुटबनच्या पलीकडची ती सडक या वेळी अगदी ओस असते. सडकेनं तांडा लांब, जंगलातल्या पायवाटेनं जवळ. पण त्या वाटेवर हल्ली वाघ फिरत होता, म्हणून माणसांनी ती सोडूनच दिली होती. शंकरसिंगला हे ठाऊक होतं. पाहुणे भारतभाऊ दिग्रसकडचे, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पायवाटेकडे पाहून विचारलं, "इकडं जनावर-गिनावर तं नाही न?"

पोराच्या बापानं भ्यायचं कसं? संध्याकाळी देण्याघेण्याची बोलणी होती आणि शंकरसिंगच्या मनात ट्रॅक्टर होता; तसा निरोपही त्यानं आधीच धाडला होता.

"जंगल आपलंच हाय," तो म्हणाला. "चला."

चालता चालता त्यानं पाहुण्यांना पळसाआडून पळणारा रोही दाखवला, दगडावर ऊन खात पडलेली घोरपड दाखवली, मोर दाखवला. दाखवताना आवाज चढवत राहिला, कारण गलका ऐकला की वाघ बाजूला होतो असं त्यानं ऐकलं होतं. बोलून बोलून घसा सुकला. मग वाघ दिसल्यावर खेकसतात तशी वानरं खेकसू लागली आणि त्यानं चाल वाढवली. पुढे नाल्याच्या ओल्या वाळूत एक पंजा उमटला होता. त्यात अजून पाणी झिरपत होतं.

"कुत्र्याचा हाय," शंकरसिंग म्हणाला.

"एवढा मोठा?"

"आमच्याकडली कुत्री खात्यापित्या घरची हायेत."

तेवढ्यात करवंदीच्या जाळीमागं काहीतरी खोल घुरघुरलं. दोघं मोहाच्या झाडावर कसे चढले, हे पुढं कोणालाच सांगता आलं नाही. शंकरसिंग भानावर आला तेव्हा तो शेंड्याकडच्या फांदीला मिठी मारून होता, भारतभाऊ त्याच्या पायाशी होते आणि त्याची एक चप्पल खाली पडली होती. वाघ शांतपणे बाहेर आला. त्यानं चप्पल हुंगली, नाक मुरडलं आणि मोहाच्या सावलीत अंग टाकलं.

ऊन सरकत होतं, वाघ मात्र हलत नव्हता. शंकरसिंगच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबे आणि तो थेंब खाली पडू नये म्हणून तो मान वर करी. भारतभाऊंना वाटलं, आपण काही घरी पोचत नाही, निदान लेकीचं तरी ठरवून टाकावं.

ते कुजबुजले, "उज्ज्वला माही एकुलती एक पोरगी. तिले तुमच्या घरी द्याले मी तयार हाव. देण्याघेण्याचं काय म्हणता?"

वाघाचा कान हलला. शंकरसिंगनं जोरजोरानं आडवी मान हलवली. बोलू नका, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"कायीच नाही?"

त्यानं आणखी जोरानं मान हलवली.

"ट्रॅक्टर बी नाही?"

वाघानं डोकं उचलून वर पाहिलं. शंकरसिंगनं डोळे मिटले, फांदी सोडली आणि पाहुण्यांपुढे दोन्ही हात जोडले. भारतभाऊंच्या डोळ्यांतून आवाज न करता पाणी वाहू लागलं.

उन्हं कलली तसा वाघ उठला, आळस देऊन नाल्यानं निघून गेला. बऱ्याच वेळानं दोघं उतरले आणि दिवेलागणीला तांड्यात पोचले. शंकरसिंग एका पायानं अनवाणी होता. भारतभाऊंनी पाणीसुद्धा न पिता सगळ्या तांड्यापुढं हकीकत सांगितली. खाली वाघ, जीव राहते का जाते त्याचा पत्ता नाही, आन् हा माणूस ट्रॅक्टरले बी नाही म्हणते, वरून हात जोडते. पोरीले असं घर न् मले असा इवाई मिळायले नशीब लागते. बाया डोळे पुसू लागल्या. तांड्याच्या नायकानं नारळ मागवला.

शंकरसिंगनं तोंड उघडलं. खरं सांगावं तर भीतीही सांगावी लागत होती. त्यानं तोंड मिटलं.

नारळ फुटल्यावर त्याच्या बायकोनं, लालीबाईनं, त्याला भिंतीआड नेलं आणि ट्रॅक्टर काहून सोडला म्हणून विचारलं.

"खाली वाघ होता," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. तिथं बोलता येत नव्हतं."