नळी खाली, शेठ!

तायडे माझ्याकडे नोकरी मागायला आला, तेव्हा मुलाखत त्यानं माझी घेतली.

कारंज्यात माझी दालमिल आहे. ती मी स्वतः उभी केली, कोणाच्या बापाच्या पैशावर नाही. मी याच बाजारात पोती वाहिली, मग हातगाडी ओढली, मग दुकान, मग मिल. तुरीच्या हंगामात शेतकऱ्याला रोख लागते. ती बँकेतून आणायची म्हणजे बरोबर बंदूकवाला पाहिजे. लाठीवाले चौकीदार पैशाला पासरी मिळतात. बंदूकवाला मिळणं कठीण. त्या काळी नियम साधा होता. गार्डची स्वतःची बंदूक पाहिजे, लायसन त्याच्या नावावर पाहिजे, फौजेत किंवा पोलिसात नोकरी झालेली असली तर उत्तम, आणि ओळख द्यायला दोन भले लोक पाहिजेत. असा माणूस सापडला की मालक त्याला जावयासारखा वागवतो.

तायडे फौजेतून नायक होऊन परतलेला. घर केनवडला. उंच, हाडकुळा, इस्त्रीची खाकी आणि खांद्यावर बारा बोअरची एकनळी. गादीसमोर उभा राहिला, बसला नाही. मी विचारणार इतक्यात त्यानंच सुरू केलं.

"मिलले दारं किती?"

"दोन."

"रातीची किल्ली कोनाजोळ राह्यते?"

"मुनिमाजवळ."

"मुनीम पेते काय?"

मुनीम बाबाराव समोरच बसले होते. त्यांचा चेहरा लाल झाला. मी म्हणालो, "नाही पीत."

"बरं. अन गोळी चालवाचा हुकूम कोन देईन?"

"कोण म्हणजे? मी देईन. मी मालक आहे."

"नाई जमत," तायडे म्हणाला. "तो हुकूम मीच देईन मले."

"मग तू माझा नोकर कसला?"

"नोकर तुमचा. बंदूक माही."

पगाराचं बोलणं निघालं. मी माझ्या सवयीप्रमाणे निम्म्यावरून सुरुवात केली. तो लगेच "हाव" म्हणाला. मला फार राग आला. समोरच्यानं घासाघीस केली नाही तर मला फसवल्यासारखं वाटतं. शेवटी मीच चिडून आकडा वाढवला. त्याची अट एकच निघाली. फाटकाजवळ त्याला सावली पाहिजे होती. "मले ऊन चालते शेठ. बंदुकीच्या लाकडाले नाई चालत." मी टिनाचं छप्पर घालून दिलं. पुढं किती तरी वर्षं त्या छपराखाली बंदूक सावलीत आणि तायडे उन्हात, असं दृश्य सगळ्या कारंज्यानं पाहिलं.

त्याला चौकीदार म्हटलेलं चालत नसे. "चौकीदार" अशी हाक मारली तर तो इकडेतिकडे पाहून चौकीदार शोधू लागायचा. "गार्ड" म्हटलं की टाच आपटायचा.

त्याचं सगळं शिक्षण दोन शब्दांत होतं: नळी खाली. फौजेत पहिल्या दिवशी त्याला हे शिकवलं असणार, आणि मग त्यानं जगातल्या प्रत्येक लांब वस्तूला ते लागू केलं. कोणी छत्री आडवी धरून फाटकातून आला की आवाज यायचा, "नळी खाली!" हमाल हातातला हूक नाचवत निघाला की, "हुसेन, नळी खाली!" माझी सासू काठी उगारून कोंबडी हाकलत होती, तिलाही त्यानं सोडलं नाही. म्हातारी घाबरून काठी टाकून बसली.

इतकंच काय, एकदा एका दलालाशी माझं वाजलं. माझं वाजतं तेव्हा बाजार ऐकतो. मी त्याच्या नाकासमोर बोट नाचवत होतो. मागून शांत आवाज आला, "शेठ, नळी खाली."

माझं बोट! माझ्या मिलमध्ये, माझ्या पगारावर! दलालाला हसू आवरेना आणि सौदा त्यानं सांगितलेल्या भावात ठरला. ते मी अजून विसरलेलो नाही.

बंदूक चालते की नाही, याची मला खात्री हवी होती. पैसे मोजून घेतलेली वस्तू मी तपासून घेतो. "एकदा उडवून दाखव," मी मागं लागलो.

"लग्नात उडवतेत शेठ. मी लग्नातला नाई."

शेवटी सरावाच्या नावाखाली तो तयार झाला. आसेगावच्या बाजूला त्याच्या साडूचं रिकामं वावर होतं. तिथं बांधावर एक मटकं ठेवलं. तायडेनं वारा पाहिला. बंदूक पुसली. पालथा पडला. उठला, खिशातली बिडी बाजूला ठेवली, पुन्हा पालथा पडला. मी, बाबाराव आणि हुसेन कानात बोटं घालून उभे. धाड झालं. धूर गेला. मटकं जागच्या जागी.

"चुकली," मी म्हणालो.

"चुकली नाई. पयली गोळी इशाऱ्याची राह्यते. कायदाच हाय तसा."

"मग दुसरी मार."

तायडे कपडे झटकत उठला. "कायले? इशारा देल्ला, मटकं पयालं नाई, जागचं हाललं नाई. सरेंडर हाय थे. सरेंडर झालेल्यावर गोळी नाई चालवत."

हुसेन मटकं उचलून पाणी भरायला घेऊन गेला. अशी आमची सुरक्षा होती. पण खरं सांगायचं तर तायडे असेपर्यंत माझ्या रोख रकमेकडं कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. सगळं जग मटक्यासारखं सरेंडर होतं.

त्या बंदुकीला त्यानं मला कधी हात लावू दिला नाही. चहा प्यायचा तोही एका हातानं. मी म्हणायचो, "अरे, धरतो मी जरा, पी निवांत." तो म्हणायचा, "लायसन हाय तुमाले?"

हे मला झोंबायचं. मग मीही ठरवलं की आपण स्वतःचं लायसन काढायचं. समोरच्या अडत्याकडं आहे, त्याला तर तराजू सरळ धरता येत नाही. मी रीतसर अर्ज केला. ठाण्यातून जमादार चौकशीला आला. मी त्याला गादीवर बसवलं, पेढे मागवले, चहा मागवला. व्यवसाय विचारला, मी सांगितला. धोका विचारला, मी वाढवून सांगितला. जमादार खूश दिसत होता. जाता जाता फाटकाजवळ थांबून सहज म्हणाला, "काय तायडे, शेठले लायसन द्याचं ना?"

"नाई," तायडे म्हणाला.

मला वाटलं गंमत करतोय. जमादारही हसला. "काहून रे?"

"नाई म्हंजे नाई, सायेब. दुसऱ्या कोनाले बी द्या. यायले देऊ नोका."

माझे पेढे खाऊन जमादार गेला. काही महिन्यांनी जिल्ह्याच्या कचेरीतून उत्तर आलं. अर्ज नामंजूर. कारण काय होतं ते कोणी सांगितलं नाही, आणि मला कोणी सांगायची गरजही नव्हती.

मी तायडेला सगळ्या मिलसमोर झापलं. माझ्या मिठाला जागला नाहीस, तुझी नोकरी जाईल या भीतीनं माझं लायसन मारलंस, असं सगळं बोललो. वर म्हणालो, "उद्यापासून तोंड दाखवू नको." तो ऐकून घेत उभा राहिला. फक्त माझ्या बोटाकडं एकदा पाहिलं, पण त्या दिवशी "नळी खाली" म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर हजर.

"काढलं होतं ना तुला?"

"काढलं तवा तुमी रागात होते. रागातला हुकूम मोजाचा नसते."

दुसरा बंदूकवाला कुठून आणणार? ठेवला. पण मी त्याच्याशी बोलणं टाकलं. काम असेल ते बाबारावांमार्फत सांगायचं. हंगाम तसाच गेला, पुढचाही जाऊ लागला. माझा राग टिकाऊ आहे, मी त्याची नीट निगा राखतो.

मग सत्त्याहत्तरच्या निवडणुका आल्या. निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तायडेनं बंदूक जुन्या धोतरात गुंडाळली आणि पोर सासरी पाठवावी तसा घेऊन गेला. ठाण्यातल्या शिपायाला सांगून आला म्हणे, की ओल्या भिंतीले टेकवू नोका. आता हा रडत बसणार, असं आम्हाला वाटलं. ऐन तुरीचा हंगाम, आणि माझा बंदूकवाला मोकळ्या हातांनी. बँकेत मी हमालांचा घोळका घेऊन जाऊ लागलो.

पहिले दोनचार दिवस तायडेला हातांचं काय करावं ते कळेना. खिशात घाली, मागं बांधी. मग एका दुपारी हुसेननं हाक मारली, "ओ फौजी, कायले उभे राह्यले? या ना, बसा." आणि तायडे बसला.

माझ्या गादीवर तो माणूस मी पहिल्यांदा बसलेला पाहिला. हमाल, गाडीवान, तूर घेऊन आलेले शेतकरी, सगळे खेटून बसलेले आणि मध्ये तायडे. कोणी त्याच्या खांद्यावर हात टाकलेला. कोणी त्याच्या मांडीवर चहाची बशी ठेवून गेलेला. दुपारी पत्ते निघायचे. तायडे भयंकर खेळायचा आणि हरला की भांडायचा. मटक्याची गोष्ट हुसेन रोज नव्यानं सांगायचा आणि तायडे सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते, हे मला तेव्हा समजलं.

निवडणूक झाली, निकाल लागले. ठाण्यातून निरोप आला की ज्यांच्या बंदुका असतील त्यांनी घेऊन जाव्यात. समोरचा अडत्या त्याच दिवशी धावत गेला. तायडे गेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ज्या माणसानं बंदुकीसाठी छप्पर मागितलं, तो!

बँकेतून मोठी रक्कम आणायची होती. शेवटी मला बोलणं भाग पडलं. त्याला बाजूला घेतलं. "बंदूक कधी आणणार?"

"आनतो ना शेठ. घाई कायची?"

"घाई कायची? पैसे माझे आहेत! आणि तू मोठा बंदुकीचा शहाणा. माझं लायसन मारताना आली होती घाई!"

त्यानं मान वळवली. गादीकडं पाहत होता. तिकडं पत्ते वाटणं चाललं होतं.

"शेठ, बंदूकवाल्याजोळ कोनी बसत नाई," तो म्हणाला. "यष्टीत मी बसलो का बाजूचा मानूस उठते. गावात पंगतीले बसलो त दोनी बाजूनं जागा सोडतेत. इज्जत करतेत, पन बसत नाई. घरी लेकरं हायेत म्हून बंदूक पेटीत ठेवतो, अन पेटीवर मी निजतो. बायको लेकराईले घेऊन पल्याडच्या खोलीत." मग माझ्याकडं वळला. "तुमच्या गादीवर दिवसभर मान्सं राह्यतेत. तुमी शिव्या देता, थे खातेत, चाय पेतेत, पुन्हा बसतेत. तुमच्याजोळ बंदूक आली असती त कोन बसलं असतं? शिव्या कोनाले देल्ल्या असत्या तुमी?"

मी त्याला सांगितलं की माझ्या शिव्यांची काळजी तू करू नको. माझं लायसन मारल्याचा राग माझ्याकडं होता तसाच आहे, तो असल्या बोलण्यानं जात नाही. आणि बंदूक आणल्याशिवाय चालणार नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "हाव, आत्ता जातो," आणि पायात जोडा घालू लागला.

मी गादीकडं वळून ओरडलो, "बाबाराव, भाव पडून राहिलेत. बँकेचं काम सोमवारवर टाका. आज माल घ्यायचा नाही."

भाव पडलेले नव्हते. बाबारावांना ते माहीत होतं, पण ते माझ्याशी वाद घालत नाहीत. तायडे एका पायात जोडा घालून माझ्याकडं पाहत उभा राहिला. मी दुसरीकडं पाहिलं. मग त्यानं जोडा काढला, दोन हमालांच्या मध्ये स्वतःला कोंबलं आणि हुसेनच्या पत्त्यांत डोकावून ओरडला, "अबे, थे पान नोको टाकू! एक्का कायले धरून बसला बे?"